उपकेंद्रातली एक वाजताची प्रार्थना

लग्नानंतर मी नगरकडून वाशीमकडे आले, तेव्हा सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. नवरा हायस्कुलात शिक्षक होता. अनसिंगच्या रस्त्यावरच्या एका गावात मला उपकेंद्राची नर्स म्हणून नेमणूक मिळाली. पुढच्या खोलीत दवाखाना आणि मागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. बाकीचे दिवस बाळंतपणं, लसी, मलमपट्ट्या आणि तक्ते हे सगळं मी आणि मदतनीस मावशी मिळून ओढत असू. मावशी गावातल्याच बौद्ध घरातल्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांचा आवाज असा की, बोलल्या तर वेशीपर्यंत ऐकू जावं.

माझे वडील चर्चचे पाळक होते. माहेरी प्रार्थना ठरल्या वेळी व्हायची, पावसापाण्यातही चुकायची नाही. इथं आल्यावर माझी घडी विसकटली. सकाळी उठून बसावं तर माझी तान्ही मुलगी जागी व्हायची, नाही तर कुणी तरी बोलवायला यायचं. जेवणं आटोपल्यावर बायबल उघडलं की दुसऱ्याच ओळीवर डोळे मिटायचे. हे मी वडिलांना लिहिलं, तेव्हा त्यांचं पत्र आलं. शेवटी एवढंच लिहिलं होतं : "न ठरवलेली वेळ कोणीही उचलून नेतं, बाळ."

मला ते लागलं. मी दिवस नीट तपासला. दुपारी एक वाजता रुग्ण पांगलेले असत आणि माणसं शेतात असत. मुलगी झोपलेली असे. मी मावशींना सांगितलं, "एक ते सव्वा मी आतल्या खोलीत प्रार्थनेला बसणार. दार लावीन. कोणी आलं तरी वाजवायचं नाही."

"बरं बाई," त्या म्हणाल्या आणि दाराबाहेर स्टूल टाकून बसल्या.

दोन महिने उत्तम चाललं. माझी चिडचिड कमी झाली, नवऱ्यालाही ते जाणवलं. मला मनातून जरा अभिमानही वाटू लागला होता.

मग एका दुपारी बाहेर गलका झाला आणि एका पुरुषाची किंकाळी ऐकू आली. मी दार उघडलं. ओसरीवर एक शेतकरी दीड-दोन वर्षांच्या मुलीला घेऊन उभा होता. मुलगी तापानं फणफणलेली, दातखीळ बसलेली, हातपाय झटके देत होते. मी तिला कुशीवर निजवलं, कपडे सैल केले, ओल्या फडक्यानं अंग पुसत राहिले. झटके थांबायला दोन-तीन मिनिटं लागली असतील. मग ती रडली. ते रडणं ऐकून तिचा बाप खालीच बसला.

"कधी आलात?" मी विचारलं.

"दहा मिनिटं झाली असतील. तवा नुसता ताप होता. मावशीनं सांगतलं, बाई प्रार्थनेत हायेत, बस जरासा."

ती माणसं गेल्यावर मी मावशींवर ओरडायला वळले आणि थांबले. हुकूम माझाच होता. मी खाटेवर बसून रडले.

"काहून रडून राह्यल्या, बाई? पोरगी तं वाचली."

"मी उद्यापासून बसणार नाही. हे माझ्या कामात बसत नाही."

मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "प्रार्थना कायले बंद करता? तुमी बसाले लागल्यापासून मले एकदाबी रागावल्या नाई. दार बंद करता, ते सोडा. तुमच्या देवाले भेटाले कडी लावा लागते काय?"

वडिलांनीही मला इतकं सोपं करून कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी दवाखान्यातच, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले. दार सताड उघडं होतं. पाचव्या मिनिटाला हात कापलेली एक बाई आली. उठले, टाके घातले, हात धुतले, पुन्हा बसले आणि राहिलेल्या ओळीपासून पुढे वाचलं. एका दिवशी तीनदा उठावं लागलं, त्या दिवशी तीनदा परत बसले. मला कळून चुकलं की नेम मोडतो तो उठल्यानं नाही, परत न बसल्यानं मोडतो.

त्या गावात मी पुढे पाच वर्षं काढली. एक वाजता लवकर आलेल्या बायका ओसरीवर गप्प बसून राहू लागल्या. त्यांना कुणी गप्प बसायला सांगितलं नव्हतं. एकदा एक सासूबाई आत डोकावून हळूच म्हणाल्या, "बाई, सुनेले आठवा महिना लागला. प्रार्थनेत तिचंबी नाव घेजा."

मी घेतलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी नावं सांगायला आल्या. पंधरा मिनिटं पुरेनाशी झाली, तेव्हा मी सरळ पाऊण वाजताच बसू लागले.