छताची पुट्टी

जानेवारीत एका मंगळवारी सकाळी बायको गेली. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. दोन कप घेऊन खोलीत आलो तेव्हा तिचा श्वास थांबला होता.

त्याआधी आठ महिने ती पलंगावर उताणी होती. कण्याच्या दुखण्यामुळे कूस बदलायला मनाई होती. तिला दिसायचं ते छत, आणि ते मी केलेलं होतं. तिच्या दुखण्याच्या दोन वर्षं आधी गच्चीची गळती बंद केल्यावर छताचे पोपडे मी खरवडले, पिशवीवरच्या सूचना दोनदा वाचल्या आणि स्वतःच्या हाताने पुट्टी लावली. आमच्या भिंगारमध्ये पेंटरची वानवा नाही. पण वाचून जमत नाही असं काही असतं, हे मला पटत नसे.

दिवसा छत बरं दिसे. संध्याकाळी भिंतीवरची ट्यूब लागली की तिरप्या उजेडात प्रत्येक उंचवट्यामागे सावली पडायची.

"छताला इस्त्री करायची राहिली तुमच्याकडून," ती म्हणायची. पहिले काही दिवस हसून. पुढे ती ट्यूब लावू देईना. मग एकदा म्हणाली, "अहो, पेंटर बोलवा. दोन दिवस मला बाहेरच्या खोलीत ठेवा."

"धूळ होईल. तुला खोकला परवडणार नाही."

"बरं."

तिने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी धुळीचंच सांगितलं. खरं हे, की पेंटरने वर बघून काय म्हटलं असतं ते मला ऐकायचं नव्हतं.

ती जाऊन वर्ष होत आलं तशी माझी थोरली बहीण नेवाशाहून आली. तिच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला पाहुणे येणार, भंतेजी येणार, वंदना याच खोलीत होणार. तिने कमरेवर हात ठेवून छत पाहिलं.

"हे असलं ठेवणार तू? लोक काय म्हणतील?"

"लोक दोन तास बसणार, अक्का."

"दोन तास बसले तरी डोळे असतात त्यांना."

तिने फोन करून पेंटर ठरवला. मी नाही म्हणालो नाही. आठ महिने जे झालं नाही, ते दोन तासांच्या पाहुण्यांसाठी एका फोनवर झालं.

पेंटर पाथर्डीकडचा, पन्नाशीचा. त्याने आधी दाराच्या चौकटीला प्लॅस्टिकचा कागद चिकटवला. मग वायरला लावलेला बल्ब छताला टेकवून धरला आणि सावली पडेल तिथे पेन्सिलने गोल काढत गेला. थोड्या वेळात छत गोलांनी भरलं.

"कुणी मारलं हे?"

"मीच."

"सर, पुट्टीचे दोन्ही हात आडवेच मारलेत तुमी. पयला आडवा मारला की दुसरा उभा मारायचा असतो. न्हाईतर लाटा उठतात."

उभा हात मारायला स्टूल सारखं हलवावं लागलं असतं. मी ते टाळलं होतं.

त्याने उंचवटे पॉलिश पेपरने घासले, खड्डे भरले, रुंद पट्टीने एक हात दिला. दुसऱ्या दिवशी आडवा-उभा हिशोब पुरा केला. जेवायला बाहेर आला तेव्हा मी बाहेरच्या खोलीतल्या टेबलावरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. सगळी धूळ कागदापलीकडे राहिली होती.

"इथं झोपतं कोण?" जाताना त्याने विचारलं.

"कोणी नाही."

"मंग एवढं कशापायी?"

"कार्यक्रम आहे."

तो मान हलवून डबे आवरू लागला.

कार्यक्रम झाला. वर कोणी पाहिलं नाही. अक्का परत गेली.

छत आता सपाट आहे. त्या खोलीचं दार मी बंद ठेवतो आणि बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपतो.