बदक, सुपारी आणि अर्धं कपाट

“माझी जॅकेटं बाहेर का काढलीस?”

“ती तुझी जागा नाही.”

“अगं, अर्धं कपाट रिकामं पडलंय! थंडी संपली, म्हटलं जॅकेटं तिथं टाकू. काय चुकलं?”

“रिकामं पडलेलं नाही. मी ठेवलंय मोकळं.”

“मतलब?”

“मतलब मुद्दाम ठेवलंय. तुझी जॅकेटं तुझ्या कपाटात ठेव.”

“माझ्या कपाटात हेल्मेट पण मावत नाही, आई! ठेवलंयस कुणासाठी? बदकांसाठी?”

“बदकांचं नाव काढू नकोस. एक फोडलंस, तेवढं पुरे.”

“गलती से फुटलं ना! आणि सॉरी म्हटलं मी.”

“म्हटलंस की. मोबाईलकडं बघून म्हटलंस.”

पलंगावर जॅकेटांचा ढीग. ढिगाच्या अलीकडे निमिष, मोहालीच्या एका कंपनीत दिवसभर कोड लिहून आलेला, गळ्यातलं ऑफिसचं कार्ड काढायचंही राहून गेलेलं. पलीकडे त्याची आई, वसुधाकाकू, गळ्यात शिवणकामाची टेप. दोघांच्या गळ्यात काहीतरी लोंबकळत होतं आणि हातवारे केले की तेही भांडणात भाग घेत होतं. मी त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू. कालचा डबा परत द्यायला आलेली, डबा रिकामा देऊ नये म्हणून त्यात घातलेले चिक्कीचे चार तुकडे. दुसऱ्याच्या घरात भांडण चालू असेल तर पाय मागे घ्यावा, हे मला आईनं शिकवलंय. पुढे युनिव्हर्सिटीत नाटक शिकायला आले आणि ते शिक्षण बिघडलं. मी दारातच थांबले.

मनीमाजऱ्याच्या आमच्या गल्लीत काकूंना सगळे ‘पिको वाली आंटी’ म्हणतात. ओढण्यांना पिको, साड्यांना फॉल, क्वचित एखाद्या नवरीच्या दुपट्ट्याला गोटा. खिडकीत मशीन, आणि खिडकीबाहेर बायकांची रांग. काकूंचं हिंदी चालतं-बोलतं, पंजाबी समजण्यापुरतं. दोरा तुटला की मात्र तोंडातून निघतं ते थेट तासगावचं.

तिथूनच त्या लग्न होऊन निघाल्या. नवरा भानुदास फौजेत. आधी दोन-तीन छावण्या झाल्या, मग चंडीमंदिरचं क्वार्टर मिळालं, निमिष इथल्या शाळेत रुळला. पुढे नवऱ्याचं पोस्टिंग बदलत गेलं, पण मुलाची शाळा मोडायची नाही म्हणून काकू इथेच राहिल्या. मनीमाजऱ्यात हे घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीच्या दिवशी भानुदासकाका कुठल्याशा बर्फातल्या चौकीवर होते. सुट्टी मंजूर होऊन ऐनवेळी रद्द झालेली. पलटणीचे पंडितजी मूळचे वाईचे. त्यांनी काकूंच्या शेजारच्या पाटावर काकांच्या जागी एक सुपारी मांडली, तिला फुलवातीएवढं कापसाचं वस्त्र वाहिलं आणि म्हणाले, “हं, आले यजमान. सुरू करू.”

“शाळकरी निमिष इतका हसला,” काकूंनी मला एकदा सांगितलं होतं, “म्हणाला, पापा सुपारी बन गए! मीही हसले. मग सत्यनारायणाला सुपारी. मुंजीत सुपारी. खरं सांगू का गं, अर्धा संसार मी सुपारीबरोबरच केला.”

काका सुभेदार होऊन निवृत्त झाले, घरी आले, दोन हिवाळे गच्चीवर ऊन खात बसले, आणि एका सकाळी चहा निवत राहिला. त्याला आता सहा वर्षं झाली.

फेंगशुई घरात आली ती ओढण्यांच्या पिशवीतून. पंचकुल्याच्या मिसेस सोढी काकूंच्या जुन्या गिऱ्हाईक. रविवारी त्या आपल्या दिवाणखान्यात बायकांचा वर्ग घेतात: अर्धा वेळ घराच्या दिशा, अर्धा वेळ ‘माइंडफुलनेस’. “आप बहुत तेज़ साँस लेती हैं, वसुधा जी,” ओढण्या देता देता त्या म्हणाल्या आणि काकूंना घेऊनच गेल्या.

पहिल्या दिवशी प्रत्येकीच्या तळहातावर एकेक किशमिश ठेवण्यात आली. देखिए, सूँघिए, खाने की जल्दी मत कीजिए.

“मी तासगावची,” काकू मला सांगत होत्या. “आमच्याकडं बेदाण्याची पोती. लहानपणी बसायचोसुद्धा त्यांच्यावर. म्हटलं, एका बेदाण्यात काय बघायचं? पण सगळ्या बघत होत्या, म्हणून मीही बघितलं. त्याच्या सुरकुत्या, त्याचं देठाकडचं टोक... आणि डोळ्यांना धारच लागली की!”

“का?”

“काय माहीत. इतका वेळ मी कधी कशाकडं बघितलंच नव्हतं. आणि माझ्याकडं तरी कुणी बघितलंय?”

तेव्हापासून घर बदलायला लागलं. काकू भांडी घासताना फक्त भांडी घासायला लागल्या, रेडिओ बंद करून. पलंग भिंतीला चिकटवलेला होता तो ओढून खोलीच्या मधोमध आणला, म्हणजे दोन्ही बाजूंनी उतरता यावं. खोलीचा नैऋत्य कोपरा नात्यांचा, तिथं सगळं जोडीनं हवं. म्हणून दोन लाल उशा आल्या, दोन दिवे आले, आणि बाजारातल्या गिफ्टच्या दुकानातून आली बदकांची जोडी. चिनी मातीची, चोचीला चोच लावलेली. देव्हाऱ्यातल्या देवांना लावून बोटाला राहिलेलं हळदकुंकू काकू बदकांच्या कपाळालाही लावायच्या. मी बघितलं तेव्हा ती दोघं साताऱ्याकडच्या लग्नातून जेवून आल्यासारखी दिसत होती.

गल्लीनं निष्कर्ष काढला: बेटे के लिए कर रही हैं. एकतीस वर्षांचा मुलगा, चांगली नोकरी, लग्नाचा पत्ता नाही. मलाही तसंच वाटलं. निमिषला तर वाटलंच. जिन्यात भेटला की मला म्हणायचा, “यार, तुम समझाओ ना. मला बदकांनी बायको आणून द्यायला नको आहे.”

पण एक गोष्ट मला खुपत होती. एका दुपारी मशीनशेजारी बसून ओढण्यांच्या घड्या घालताना मी विचारलंच.

“काकू, बदकं तुमच्या खोलीत का? निमिषच्या खोलीत नकोत?”

काकूंनी दोरा दातानं तोडला. पुढची ओढणी सुईखाली सरकवली. चाक फिरवलं नाही.

“ज्याला हवं असतं, त्याच्या खोलीत ठेवायची असतात.”

मी घडी घालत राहिले. तीच ओढणी परत परत.

“निमिषला सांगितलंत?”

“नाही.”

“का?”

“तो विचारणार, कोण आहे? आणि कोणीच नाही गं. कोणी असतं तर सोपं होतं. हे अमुक, हे तमुक, यांच्याबरोबर चहा घे, बाळा. कोणी नसताना ‘मला हवंय’ म्हणायचं म्हणजे...” त्यांनी पदर सारखा केला. “फार उघड्यावर आल्यासारखं वाटतं.”

“आणि तो नको म्हणाला तर?”

“तर नको. मुलगा एकच आहे मला.”

मग त्यांनी मला कपाट दाखवलं. सोढी मॅडमचं वाक्य त्यांना पाठ होतं: घर में जिसकी जगह ही नहीं, वो आकर बैठेगा कहाँ? म्हणून काकांची बाजू त्यांनी या हिवाळ्यात मोकळी केली. सूट, शर्ट, स्वेटर गुरुद्वाऱ्यात दिले. बूट चौकीदाराला. राहिली होती एकच गोष्ट, हँगरला लटकलेली: काकांची हिरवी फौजी जर्सी, कोपरांवर ठिगळं, गळा जरा सैल.

“हिचं काय करू सांग. देऊन टाकली तर मी त्यांना ढकलून बाहेर काढल्यासारखं होतं. ठेवली तर जागा मोकळी होत नाही.”

काकूंनी जर्सी कोपऱ्यात सरकवली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर काही दिवसांनी निमिष इस्त्रीचा प्लग शोधायला नैऋत्य कोपऱ्यात वाकला आणि एक बदक मानेतून गेलं. काकू दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, “आंटी, अकेला नहीं मिलता, जोड़ा ही लेना पड़ेगा.” जोडी घेतली तर घरात तीन बदकं होणार. तीन म्हणजे भलतंच. काकू रिकाम्या हातानं परत आल्या, देव्हाऱ्याखालचा डबा उघडला, आणि उरलेल्या बदकाच्या शेजारी एक सुपारी मांडली. तिलाही हळदकुंकू. बदक आता सुपारीच्या चोचीला चोच लावून बसलं होतं.

तर त्या कोपऱ्यापर्यंत भांडण आता येऊन पोहोचलं होतं.

“आणि हे काय आहे? हे!” निमिषनं सुपारी उचलली. “फेंगशुईत सुपारी असते? चीनमध्ये?”

“माझ्या फेंगशुईत असते. ठेव खाली.”

“आई, तू सीरियसली माझ्या लग्नासाठी...”

तो थांबला. सुपारी त्यानं दोन बोटांत धरली होती, बल्ब तपासावा तशी. मग त्याचा हात हळूहळू खाली आला. चेहरा बघता बघता बदलला; एकतीस वर्षांचा माणूस गेला आणि वास्तुशांतीतला मुलगा समोर आला.

“ही बाबांची आहे,” तो म्हणाला. आवाजही खाली आला होता. “बाबा नसायचे तेव्हा तू अशीच... अगं, मग सांगायचं ना! मला वाटलं, हे सगळं माझ्या मागे लागण्यासाठी. बाबांची जागा ठेवलीयस तू. ओके. सॉरी. यावेळी तुझ्याकडे बघून. सॉरी, आई.”

भांडण संपलं होतं. मला तर दिसत होतं, काकूंनी फक्त मान हलवायची होती. जॅकेटं निमूट परत गेली असती, रात्री पिठलं-भाकरी झाली असती, कपाट मोकळंच राहिलं असतं आणि कुणी पुन्हा विचारलं नसतं.

काकूंनी श्वास घेतला. सोढी मॅडमनी शिकवलेला, सावकाश, पोटापर्यंत.

“नाही,” त्या म्हणाल्या. “बाबांची नाही.”

“मग?”

“बाबांचा फोटो हॉलमध्ये आहे. रोज त्यांच्यापुढं चहा ठेवते, ठेवतच राहणार. ही सुपारी जो अजून आलेला नाही, त्याची आहे.”

मी डबा छातीशी धरला.

“कोण?”

“माहीत नाही.”

“आई. कोण आहे?”

“कोणी नाही रे.”

“कोई तो होगा! त्या क्लासमधला कोणी अंकल?”

“त्या क्लासमध्ये सगळ्या बायका आहेत. आणि एक कुत्रा आहे.”

मला हसू फुटलं, ते मी खोकल्यात घातलं. निमिषला हसू आलं नाही.

“कोणी नाही, आणि बाबांचे कपडे... मला वाटलं, पेटीत ठेवलेस. देऊन टाकलेस?”

“हो.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास. मग मी दिलेच नसते.” काकू पलंगाच्या कडेला बसल्या, जॅकेटांच्या शेजारी. “तुझे बाबा चांगले होते. पण ते होते कधी, निमिष? पत्रात होते. फोनवर होते. पाटावर सुपारी होते. राहायला आले आणि गेलेच की. मला आता हजर माणूस हवंय. संध्याकाळी मशीन बंद केलं की समोर बसून त्यानं विचारावं, दमलीस का? मराठीत विचारलं तर उत्तम. हिंदीत विचारलं तरी चालेल.”

“मी आहे ना!”

“तू आहेस. तू विचारतोस, खाना क्या बना है.”

निमिषच्या खिशातला फोन थरथरायला लागला. मांडीवर त्याचा उजेड कापडातून दिसत होता. त्यानं खिशात हात घातला नाही. आईकडे बघत राहिला, एकदा तिच्या चष्म्याकडे, मग तिच्या बोटाकडे, जिथं सुईनं पाडलेल्या जुन्या खुणा आहेत, मग परत चेहऱ्याकडे. फोन वाजून वाजून थांबला.

“कोणी येईल की नाही, मला माहीत नाही,” काकू म्हणाल्या. “बहुतेक नाही येणार. या वयाला कोण येतंय? पण आला तर दारात उभा राहायला नको. तुला चालेल का, एवढं सांग. चालत नसेल तर ठेव तुझी जॅकेटं तिथं. मी परत काढणार नाही. आणि रुसणारही नाही.”

बाहेर कालक्याकडे जाणाऱ्या आगगाडीनं भोंगा दिला. काकूंनी टेप गळ्यातून काढून बोटाभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

निमिष नैऋत्य कोपऱ्याकडे गेला. सुपारी अजून त्याच्या मुठीत होती. त्यानं ती बदकाशेजारी ठेवली, ती घरंगळली, मग परत नीट टेकवून ठेवली. मग वळून पलंगावरची जॅकेटं उचलायला लागला. एक, दुसरं, बाही अडकलेलं तिसरं. सगळा ढीग एका हातावर घेऊन तो कपाटापाशी गेला आणि मोकळ्या बाजूचं दार त्यानं उघडलं.

काकूंनी डोळे मिटून घेतले.

त्यानं आत हात घातला आणि कोपऱ्यातली हिरवी जर्सी हँगरवरून काढली. ठिगळावरून एकदा अंगठा फिरवला. मग ती जॅकेटांच्या ढिगावर ठेवली, हनुवटीनं दाबून धरली आणि माझ्या बाजूनं खोलीबाहेर गेला.