प्रतिवादीचा डबा

कोर्टाच्या तारखेला आत्या बाबांसाठी डबा आणायची. दावा तिनेच लावलेला, आणि तोही बाबांवरच. कशेळ्याहून दोघं एकाच जीपने कर्जतला यायची; आत्या पुढे, बाबा मागे, वाटेत एक शब्द नाही. कोर्टाच्या आवारात मात्र ती डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवायची. "तांदळाची भाकरी हाय. नरम हाय तवर खा." बाबा मुकाट्याने खायचे. मी तेव्हा कॉलेजात होते, बाबांच्या सोबतीला जायचे. बाकावर कुणाच्या बाजूला बसायचं, तेच मला कळत नसे.

भांडण आजोबांच्या, डोंगराखालच्या जमिनीचं. बाबांना ती एका फार्महाऊसवाल्याला विकून कर्जतला फ्लॅट घ्यायचा होता. तोंडी सगळं ठरलंही होतं. तेवढ्यात आत्याने आपल्या हिश्शाचा दावा लावला. शिवाय दावा चालू असल्याची नोटीस रजिस्टर केली आणि पेपरातही छापून आणली. आता ही जमीन जो घेईल, त्याला कोर्टाचा निकाल बंधनकारक राहणार होता. गिऱ्हाईक त्याच आठवड्यात गप्प झालं.

पेपर घेऊन आत्या आली ती आमच्याच घरी. तिला अक्षरं लागायची, पण कोर्टाची भाषा नाही. "वाच गं," मला म्हणाली. मी वाचली.

"प्रतिवादी म्हंजे कोन?"

"बाबा."

"त्याचं नाव नीट छापलंय ना? बापाच्या नावासकट?"

"हो."

"मग बरं हाय."

बाबा आतल्या खोलीत ऐकत होते. आईने चहा ठेवला, कारण दुसरं काय करावं ते तिलाही सुचेना.

आत्याला नक्की काय हवं होतं, मला आजही सांगता येणार नाही. वकिलाला ती निम्मा हिस्सा सांगायची. मी विचारलं तर म्हणाली, "मी एकटी बाई. मला काय करायचीय जमीन?"

"मग दावा काढून घे ना."

"काढते की. तुझ्या बापाला सांग, इकनार नाय म्हन."

मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तिला म्हणावं, आधी दावा काढ." असे निरोप मी दोन पावसाळे पोचवले.

मग भातलावणीच्या दिवसांत आत्या तापाने गेली. तीन दिवसांत संपलं. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही. अग्नी बाबांनीच दिला.

तेराव्यानंतर आमच्या वकिलांनी बोलावलं. "बापाकडून आलेला तिचा हक्क बापाच्या वारसाकडे जातो. म्हणजे तुमच्याकडेच."

"मग आता वादी कोण?" मी विचारलं.

"हेच. वादीही हेच, प्रतिवादीही हेच," वकील म्हणाले. "एवढ्या अर्जावर सही करा. दावा संपेल, नोटीसही काढून टाकू."

बाबांनी पेन घेतलं, टोपण काढलं, परत लावलं. "घरी जाऊन वाचतो," म्हणाले आणि अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. त्यांनी तो वाचताना मी कधी पाहिलं नाही.

गेल्या महिन्यात ते गिऱ्हाईक पुन्हा आलं. "ताई वारल्याचं कळलं. आता काही अडचण नाही ना?"

"दावा चालू हाय," बाबा म्हणाले.

"कुणाचा?"

बाबा जरा गोंधळले. माझ्याकडे पाहिलं.

"आमचा दोघांचा हाय," ते म्हणाले. "मिटला की कळवतो."