फलाट चारवरचं ‘चुकलो’

बसस्थानकावर तेहेतीस वर्षं घोषणा केल्यामुळे त्यांना सगळे घोषणाबाईच म्हणत. निवृत्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातली कपाटं आवरली, दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याला आवरायला घेतलं. तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याने मुलीला गाठलं.

“तुझ्या त्या पॉडकास्टमध्ये हिला घे बाई. हिच्यापुढे माईक नाही, म्हणून सगळ्या घोषणा मलाच ऐकाव्या लागतात.”

मुलगी आठवडाभर दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची आणि रविवारी लोकांच्या कामधंद्यांवर पॉडकास्ट करायची. त्या रविवारचा पाहुणा घसा बसल्यामुळे येणार नव्हता. तिने आईपुढे कोरा कागद ठेवला.

“वीस मिनिटांचा भाग आहे. सुरुवात, मधलं आणि शेवट, आधी आराखडा कर.”

“मी काय सांगणार? जन्मभर दुसऱ्याने दिलेल्या चिठ्ठ्या वाचल्या,” बाई म्हणाल्या. पण काम अंगावर आलं की टाळायचं हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. चष्मा लावून, पट्टीने रेघा मारून त्यांनी आराखडा केला. नमस्कार, वीस सेकंद. स्वतःची ओळख, पाऊण मिनिट. बसस्थानकाची माहिती, फलाटांच्या क्रमाने, साडेदहा मिनिटं. घशाची निगा, सात मिनिटं. मग आभार.

मुलीने तो वाचला आणि ओठ चावून हसू दाबलं. “आई, गाड्या सगळ्या वेळेवर आहेत, पण आत प्रवासी कुठे आहेत? ऐकणारा दुसऱ्या मिनिटाला उतरून जाईल. असा एखादा दिवस सांग ना, जो तू विसरलेली नाहीस.”

बाईंनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, “एकदा मी खोडलेला शब्द वाचला होता.”

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सुट्टीचा दिवस, स्थानकात पाय ठेवायला जागा नाही. एक तावातावाने आलेला माणूस खिडकीतून चिठ्ठी सरकवून गेला. चिठ्ठीवर त्याच्या बायकोचं नाव आणि खाली लिहिलं होतं, ‘घराच्या किल्ल्या तुझ्याकडे आहेत. फलाट चारवर ये.’ त्याखाली एक शब्द लिहून खोडला होता, पण खोडताना जीव झाला नसावा, कारण तो स्वच्छ दिसत होता: ‘चुकलो’. बाईंनी ते नाव पुकारलं, किल्ल्यांचं सांगितलं, आणि का कोण जाणे, तो खोडलेला शब्दही वाचून टाकला. सगळ्या स्थानकाने ऐकलं. दोन मिनिटांत एक बाई खिडकीशी आली. चेहरा रागाने लाल.

“नीट ऐकू आलं नाही,” ती म्हणाली. “शेवटचं परत सांगा.”

बाईंनी परत सांगितलं. ती फलाट चारकडे गेली. बाईंना मात्र खाजगी निरोप वाचल्याबद्दल साहेबांकडून लेखी समज मिळाली.

“हाच भाग,” मुलगी म्हणाली. तिने आराखड्याच्या मध्यावर ‘चिठ्ठी’ लिहिलं आणि खाली बोट ठेवलं. “आणि शेवट? पुढे काय झालं त्यांचं?”

“मला त्यांच्या पाठी दिसल्या, बस.”

“मग समेट झाला असं म्हणूया.”

“छे. न आलेली गाडी आली म्हणून मी कधी सांगितलेलं नाही.”

पण चिठ्ठी कशावर लिहिली होती ते बाईंना पक्कं आठवत होतं. फोटोला चौकटी करून देणाऱ्या एका दुकानाच्या कोऱ्या पावतीची ती मागची बाजू होती, म्हणजे माणूस दुकानातलाच असणार, आणि ते दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत अजून होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी तिथे गेल्या. दुकानात तो माणूस एकटाच दिसला तर काय विचारायचं, हे बाईंनी आराखड्यात लिहिलेलं नव्हतं.

दोघंही होते. तो लाकडाची पट्टी कोपऱ्यात तिरकी कापत होता, ती काच पुसत होती. बाईंनी तोंड उघडून “नमस्कार” एवढंच म्हटलं, तशी तिच्या हातातलं फडकं थांबलं.

“अहो, हा आवाज! स्थानकावरच्या त्याच ना तुम्ही?” ती नवऱ्याकडे वळली. “आता विचारा यांनाच. अठरा वर्षं म्हणताय ना, ‘मी तसं लिहिलंच नव्हतं, बाईंनी मनाने घातलं’ म्हणून?”

करवत थांबली. बाईंनी होतं तसं सांगितलं. “लिहिलं होतं. पण खोडलंही होतं. खोडलेलं वाचायला नको होतं मी.”

“बघ,” तो म्हणाला. “खोडलं होतं.”

“म्हणजे लिहिलं होतं,” ती म्हणाली.

“अगं, चुकलो म्हणजे गर्दीत चुकलो. आपली चुकामूक झाली, असं म्हणायचं होतं मला.”

“मग खोडलं कशाला?”

तो पट्टीवरचा भुसा फुंकत राहिला, पण कान लालबुंद झाले होते. ती इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. बाईंचा जीव भांड्यात पडला. भांडण कशावरून झालं होतं, हे मुलीने विचारलं, तेव्हा दोघांनीही कपाळाला आठ्या घातल्या. कुणालाच आठवेना.

परत येताना बाईंनी बाजारातच, एका ओट्यावर बसून नवा आराखडा केला. सुरुवात थेट खिडकीतून सरकलेल्या चिठ्ठीपासून. घशाच्या निगेला अर्धं मिनिट, तेही मुलीशी बरीच ओढाताण केल्यावर. शेवटी चौकटीचं दुकान, दोघांच्या परवानगीने. त्याने परवानगी देताना एकच अट घातली होती, आपली बाजूही पूर्ण सांगायची.

रविवारी, आवाज घुमू नये म्हणून गादीला गादी लावून केलेल्या कोपऱ्यात बाई माईकपुढे बसल्या. पहिलं वाक्य त्यांनी स्थानकावरच्या सुरात असं म्हटलं की बाहेर नवरा सामान उचलून गाडीसाठी उभाच राहिला असता. “आई, घरातला आवाज,” मुलगी म्हणाली. दुसऱ्या खेपेला जमलं. भाग एकोणीस मिनिटं चाळीस सेकंदांचा झाला, आणि उरलेल्या वीस सेकंदांचं काय करायचं, यावरून मायलेकींची थोडी हुज्जत झाली.

तो भाग मुलीच्या आधीच्या सगळ्या भागांपेक्षा जास्त ऐकला गेला. खाली लोकांच्या प्रतिक्रियांत सरळ दोन तट पडले: माफी मागितली म्हणणारे आणि गर्दीत हरवला म्हणणारे. हरवला म्हणणारे मोजून तिघं होते. त्यांतल्या एकाने स्वतःच्या फोटोऐवजी रिकाम्या चौकटीचं चित्र लावलं होतं.