फीचे पैसे आणि दहा वर्षं

चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत ती सतरा वर्षं भिंगं घासत होती. केसभर चूकही तिच्या बोटांना कळायची. दुकानात सगळे तिला भिंगवालीच म्हणत.

मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी तिने पोटाला चिमटा काढून बँकेत पैसे साठवले होते. काउंटरवरचा सेल्समन एकदा चहा पिता पिता म्हणाला, "ताई, बँकेत पैसे नुसते झोपा काढतात. शेअरच्या म्युच्युअल फंडात टाका, वर्षात दीडपट!"

तिला मोह पडला. नवऱ्याला न विचारता तिने सगळी रक्कम एका दमात टाकली. चार महिने आकडा चढत गेला. मग बाजार कोसळला. आठव्या महिन्यात चौथा हिस्सा गेला होता, आणि फी भरायला उरले होते वीस दिवस.

नवरा बस चालवायचा. रात्री तो घरी आल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं.

"एका शब्दाने विचारायचंस तरी," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात."

"मग?"



दुसऱ्या दिवशी एक निवृत्त गणिताचे मास्तर भिंग बदलायला आले. जुनं गिऱ्हाईक, थेट मागच्या खोलीत येऊन बसायचे. तिने त्यांच्यापुढे मन मोकळं केलं. "माझे पैसे खाल्ले कोणी, सर?"

"कोणीच नाही. हजारो लोकांचे पैसे एकत्र करून फंडवाले पन्नास-साठ कंपन्यांचे शेअर घेतात. त्यातला तुमचा वाटा म्हणजे तुमचे युनिट. शेअर पडले की युनिटचा भाव पडतो. युनिट मात्र तेवढेच राहतात."

"मग थांबू?"

"वर येईलच, असं कोणी लिहून देत नाही. बहुतेकदा येतं, पण कधीकधी वर्षं जातात. तुमच्याकडे दिवस किती?"

"वीस."

"मग हे पैसे तिथे जायलाच नको होते."

तिला राग आला, कारण मास्तरांचं बरोबर होतं. तिने तोट्यात युनिट विकले. कमी पडलं त्यासाठी ती रविवारी दुसऱ्या दुकानात राबली, नवऱ्याने जादा फेऱ्या घेतल्या. मुलीला प्रवेश मिळाला.

दीड वर्षाने तिने पुन्हा फंडात पैसे टाकायला सुरुवात केली, तेव्हा सेल्समनसुद्धा चकित झाला. या वेळी अडीनडीचे पैसे आधी बँकेत बाजूला ठेवले. वर जे उरेल त्यातून दरमहा छोटा हप्ता. नफा होवो न होवो, फंडवाले आपला खर्च कापतातच; म्हणून कमी खर्चाचा फंड तिने चार ठिकाणी विचारून निवडला. सही करताना नवरा शेजारी होता.

"बुडाले तर?"

"कमी होऊ शकतात. दहा वर्षं हात लावायचा नाही, असं ठरवूनच टाकतेय."

तिसऱ्या वर्षी बाजार पुन्हा घसरला. सेल्समनने फंडातले आपले पैसे काढून घेतले. तिचीही झोप उडाली होती, पण तिने हप्ता थांबवला नाही. भाव पडला होता तेवढे महिने त्याच हप्त्यात जास्त युनिट आले.

अकराव्या वर्षी निम्मे युनिट विकून तिने भिंगं घासायचं स्वतःचं यंत्र घेतलं. आता तीन दुकानांचं काम घरी येतं. उरलेले युनिट नवऱ्याच्या निवृत्तीसाठी आहेत. तो रोज भाव विचारायचा. भांडून भांडून तिने त्याला महिन्यातून एकदावर आणलं आहे.