नाव नसलेल्या कुत्र्याची टाईल

धुळ्याच्या देवपुरात आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेला एका बाजूने भिंत आहे. गेल्या काही वर्षांत तिच्यावर पांढऱ्या टाईल्स बसत गेल्या. प्रत्येक टाईलवर मेलेल्या पाळीव प्राण्याचे नाव आणि खाली घरच्यांची एखादी ओळ. टाईल लावणाऱ्याने जमेल तेवढे पैसे द्यायचे, ते भटक्या आणि जखमी जनावरांच्या औषधपाण्याला जायचे, अशी योजना. कुत्री आणि मांजरे बरीच, शिवाय दोन पोपट आणि एक कासव. वर्तमानपत्रातल्या नोकरीतून मी निवृत्त झालो, तेव्हा टाईलवरचा मजकूर तपासण्याचे काम माझ्याकडे आले. नियम एकच होता : नाव हवे. तो भिंतीचे काम पाहणाऱ्या समितीच्या अध्यक्षांनी केला होता. ते महाविद्यालयात मराठी शिकवत. कॉलनी त्यांना सर म्हणते.

थंडीच्या दिवसांत कोपऱ्यावरच्या घरातल्या अक्का समितीकडे आल्या. शिंदखेड्याकडच्या गावातून लग्न होऊन त्या धुळ्यात आल्या, पण बोलण्यात अहिराणी राहिली. रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर भाकरीला येणारा तांबडा कुत्रा आदल्या आठवड्यात म्हातारपणाने गेला होता. अक्कांचे घर विकले गेले होते आणि रविवारी मुलगा त्यांना कायमचे नाशिकला नेणार होता. त्याआधी कुत्र्याची टाईल भिंतीवर बघायची, एवढेच त्यांना हवे होते.

"नाव काय त्याचं?" सरांनी विचारले.

"नाव नव्हतं."

"इतकी वर्षं खायला घातलंत. हाक काय मारायचात?"

"हाक कशाला मारू? तव्यावर भाकरी पडली की त्याला माझ्याआधी कळायचं."

"मग मोती लिहू."

"मोती या भिंतीवर चार शेतस, सर. त्यातला एक तुमचा. हा त्यालाच चावला होता."

सर हसले नाहीत. "ठीक आहे. मग आता ठेवा एखादं नाव."

"मेल्यावर बारसं करू का त्याचं?"

बातमीत ओळख न पटलेल्या माणसाला अनोळखी इसम म्हणतात. त्या सवयीने मी 'अनामिक' हा शब्द सुचवला आणि अर्थ सांगितला. अक्का म्हणाल्या, "अनोळखी कसा? बठ्ठी गल्ली, पोराटोरांपासून, ओळखायची त्याला."

नाव सुचेपर्यंत टाईल थांबवावी, असे ठरले. अक्कांकडे थांबायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ओट्यावर दोरीने बांधलेली खोकी होती. दारात मला बघून त्या म्हणाल्या, "उनात का भाऊ? बसा."

खोके बाजूला सरकवून मी बसलो आणि विचारले, "तो आला की त्याला काय म्हणायचात?"

"हेच. तुम्हाला उनात का, त्याला उना का रे."

"रोज?"

"रोज. दुसरं काय म्हणणार?"

मी तेवढेच तीन शब्द कागदावर लिहिले आणि अक्कांना घेऊन सरांकडे गेलो. ज्या शब्दांनी एखाद्याशी रोज बोलले जाते ते त्याचे नाव धरायला हरकत नसावी, असे मी मांडले. सरांनी कागद वाचला.

"धरू," ते म्हणाले. "पण भाषा शुद्ध करा. आलास का रे."

"आलास का म्हटलं असतं तर तो भाकरीला थांबला नसता, सर," अक्का म्हणाल्या.

या वेळी सर हसले. त्यांनी पेन काढले आणि ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह दिले. मलाही ते बरोबर वाटले. मी तेच केले असते.

"हे वाकडं काय?"

"प्रश्न आहे ना, अक्का," मी म्हणालो.

"प्रश्न कुठला? तो दारात उभा राहिला की मग म्हणायचे मी. आलेल्याला म्हणतात ते. आला की नाही ते काय विचारायचं, समोर तर उभा."

सरांनी माझ्याकडे पाहिले. त्यांची मराठी शिकवण्यात आणि माझी मजकूर तपासण्यात बरीच वर्षे गेली होती, आणि आम्ही दोघेही घरी आलेल्या पाहुण्याला 'आलात का' असेच म्हणत होतो. त्यांनी प्रश्नचिन्ह खोडले.

पेंटरने शनिवारी टाईल रंगवून बसवली. रविवारी सामान गाडीत चढल्यावर अक्का भिंतीपाशी आल्या. टाईलच्या कडेला सिमेंटचा ओघळ वाळला होता, तो त्यांनी नखाने काढला आणि जागा पदराने पुसली. मग ती ओळ एकदा म्हटली, ओट्यावरून म्हणायच्या तशी, फार मोठ्याने नाही.

मुलगा गाडीजवळ वाट पाहत होता. त्याच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "चाल."