मना आवरत नाय

मुलांचं कसं ऐकायचं, हे मी मोठ्या माणसांना शिकवते. हसू नका, याचा मला पगार मिळतो. शाळांचे शिक्षक, अंगणवाडीच्या सेविका, वसतिगृहांच्या अधीक्षिका यांना हॉलमध्ये बसवायचं आणि सांगायचं, की एखादं लेकरू घाबरत घाबरत काही सांगायला आलं तर काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही. त्याच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत. उत्तर सुचवणारा प्रश्न विचारायचा नाही. ऐकायचं, विश्वास ठेवायचा, आणि कायद्यानं ज्यांना कळवायचं त्यांना त्याच दिवशी कळवायचं. हे मी इतक्यांदा बोलले आहे की प्रोजेक्टर बंद पडला तरी माझं अडत नाही. आणि आमचा प्रोजेक्टर बंद पडतोच.

मॅडम छान बोलतात, असं लोक म्हणतात. माझं मराठी एकदम शुद्ध आहे. बरेच जण मला पुण्याची समजतात, आणि मी त्यांना समजू देते.

यंदा दिवाळीनंतर अलिबागहून मांडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका शाळेत माझं प्रशिक्षण होतं. ते संपलं, वडापाव झाले, आणि पाचवीच्या वर्गशिक्षिका माझ्याजवळ घुटमळायला लागल्या. पोरसवदा बाई, सोलापूरकडच्या, नोकरीसाठी इथं खोली घेऊन राहिलेल्या. म्हणाल्या, "मॅडम, माझ्या वर्गात एक मुलगी आहे. सुट्टीनंतर गप्पच आहे. शाळा सुटली तरी घरी जात नाही. तिचा नंबर नसताना वर्ग झाडते, बाकं सरळ करते, फळा पुसते. तुम्ही एकदा बोलाल का तिच्याशी?"

मुलीची आई बंगल्यांवर कामाला जायची. गेटवेहून बोटीनं येणाऱ्या मुंबईकरांचे ते सुट्टीचे बंगले, त्यामुळे शनिवार-रविवार तर तिला श्वास घ्यायला उसंत नसायची. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी मुलगी शेजारच्या मावशींकडे थांबायची. एवढं बाईंना माहीत होतं.

मुलगी आली. दोन वेण्या, डोळे खाली. मी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे तिच्या बरोबरीनं खाली बसले, बाईंना दारापाशी बसवलं, घाई नाही असं सांगितलं. बराच वेळ ती फ्रॉकची किनार चुरगळत राहिली. मग म्हणाली, "मना त्यांचे घरान आवरत नाय."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चुकीच्या खोलीत पडला, पण पडला.

"खूप आवरायला लागतं का गं तिथं?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. 

"आवरायला लावतात ना तुला?"

मोठ्या माणसानं 'ना' लावून विचारलं की उत्तर 'हो' असतं, हे शाळेत गेलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. "हो," ती म्हणाली.

मी तिला शाबासकी दिली. सांगितलंस ते बरं केलंस, म्हणाले. बाहेर आल्यावर बाईंना समजावलं, की शेजारी मुलीला घरकामाला जुंपतायत, तिला झेपत नाही, आईशी बोला. जी मुलगी वर्गातली बाकं स्वतःहून आवरत बसते तिला आवरणं झेपत नाही, यात मला काहीच विचित्र वाटलं नाही. त्या घरात दुपारी आणखी कोण असतं, हे विचारायचंही मला सुचलं नाही. उत्तर मिळालं होतं ना!

बाई आईशी बोलल्या. आई सरळ शेजारणीकडे गेली. शेजारीण म्हणाली, "आमचेकरं काडी उचलत न्हाय तुजी पोर. येकदा तरी भांडी घासली कं तिनं?" आणि ते खरंच होतं. मग आईनं पोरीला खोटारडी, कामचुकार ठरवलं, एक ठेवून दिली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच पाठवली. बाईंनी मला फोनवर हे कळवलं तेव्हा मी काय सांगितलं असेल? पालकांना थोडा वेळ द्या, म्हटलं.

त्यानंतर काही रविवार गेले. असाच एक रविवार होता, मी दुपारी आईला जेवायला वाढत होते. वडील गेल्यापासून आई माझ्याकडे अलिबागला असते. जन्म खाडीकाठच्या खारेपाटातल्या गावात काढलेली बाई, फ्लॅटमध्ये कावते. तिच्या औषधपाण्यामुळे मी त्या दिवशी दुधी केला होता. तिनं ताट दोन बोटांनी पुढे ढकललं.

"दुधी मना आवरत नाय. सुकट दे."

मी सवयीनं म्हटलं, "आवडत नसला तरी खायचा, आई. डॉक्टरांनी सांगितलंय."

आणि माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

आम्ही आगरी. आमच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो. घोड्याचा घोरा, गाडीची गारी, वाडीची वारी. आवडत नाही याचं होतं 'आवरत नाय'. आई हे वाक्य रोज बोलते. दुधीला बोलते, लिफ्टला बोलते, टीव्हीवरच्या सासवांना बोलते, आणि रोज ते मला कळतं. घरात कळतं. गळ्यात ओळखपत्र अडकवून शाळेत गेले की माझे कान पुण्याचे होतात.

त्या मुलीनं मला सांगितलं होतं, मला त्यांच्या घरात आवडत नाही. तिच्याकडे तेवढाच शब्द होता, आणि तो पुरेसा होता. माझ्या जागी आगऱ्यांचं कुणीही असतं तर त्याला कळलं असतं. आणि मी आगऱ्यांचीच होते की! काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं माझी आई मला लहानपणापासून म्हणते. तोवर मी ते हसण्यावारी नेत होते.

आज रविवार, हे त्यापाठोपाठ लक्षात आलं. बंगले भरलेले असणार. आई कामावर असणार, आणि मुलगी आत्ता, या घडीला, त्या घरात असणार.

बाईंना फोन केला. म्हटलं, त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे, तिला तिथून बाहेर काढा, स्नेहसंमेलनाच्या नाचाची तालीम आहे म्हणा, काहीही म्हणा. "अर्थ कुणी सांगितला, मॅडम?" त्यांनी विचारलं. "एक बाई भेटल्या, त्यांनी," मी म्हणाले. घास पुढ्यात ठेवून माझ्याकडे बघत बसलेल्या माझ्या आईला मी 'एक बाई' करून टाकलं. मग स्कूटर काढली.

मी पोचले तेव्हा मुलगी बाईंच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसली होती. मी शक्य तितकं साधं बोलले. "त्या दिवशी तू सांगितलंस ते मला नीट कळलं नव्हतं. चूक माझी होती. पुन्हा सांगशील?"

ती उठून उभी राहिली. कविता म्हणायला उभं राहतात तशी, हात सरळ खाली. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "मला त्यांच्या घरात आवडत नाही."

एकेक अक्षर सुटं. 'ड' तर असा दाबून म्हटला की घरून घोकून आली होती हे कळत होतं. मॅडमना कळलं नाही म्हणजे आपलाच शब्द चुकला, असं तिनं ठरवलं होतं, आणि मधल्या दिवसांत एकटीनं तो दुरुस्त करून ठेवला होता. पुन्हा कुणी विचारलं तर हाताशी असावा म्हणून.

मला ते दिवस माहीत आहेत. चौथीत असताना मी वर्गात 'घोरा' म्हटलं आणि सगळा वर्ग हसला. गुरुजींनी मला उभं करून 'घोडा' म्हणायला लावलं. नंतर खाडीच्या बांधावर मी एकटीच बडबडत फिरायचे, गाडी, वाडी, घोडा, गाडी, वाडी, घोडा. पुढे वक्तृत्वाची बक्षिसं मिळाली, नोकरी मिळाली, सगळं मिळालं. पण मला हसं टाळायचं होतं. या मुलीला स्वतःला वाचवायचं होतं, आणि त्यासाठीही तिला आधी शुद्ध बोलावं लागलं.

त्यानंतर ती आपल्या भाषेत बोलली. आता मला सगळं कळत होतं, एकूण एक शब्द. ते मी इथं लिहिणार नाही, ते तिचं आहे. त्या घरात मावशींशिवाय एक मोठा माणूस दुपारचा असायचा, इतकंच सांगते.

त्याच दुपारी जिथं कळवायचं तिथं कळवलं. साध्या कपड्यातल्या महिला पोलीस आल्या, शांतपणे बोलल्या. मुलीची आई बंगल्यावरून धावत आली, हाताला अजून फिनेलचा वास. सगळं ऐकून घेतल्यावर ती आधी रडली नाही की ओरडली नाही. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "माजे पोरीनं तुमाना पयलंच सांगतलेलं ना?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

हे काम करणाऱ्यांचं ओझं हलकं व्हावं म्हणून दर महिन्याला आमची एक बैठक होते. मुंबईहून एक अनुभवी समुपदेशक बाई बोटीनं येतात, आम्ही गोल करून बसतो आणि बोलतो. या वेळी शाळेतल्या त्या वर्गशिक्षिकाही आल्या होत्या. मी माझी चूक सांगितली. म्हणजे अर्धी सांगितली, शब्द कळला नाही एवढीच. समुपदेशक बाई मायेनं म्हणाल्या, की मी मुद्दाम केलेलं नाही, मी स्वतःला माफ करायला शिकलं पाहिजे. मला रागच आला. मार खाल्ला तिनं, त्या घरातल्या दुपारी काढल्या तिनं, आणि माफी मी मला परस्पर देऊन टाकू?

तेवढ्यात शाळेतल्या त्या बाई रडायला लागल्या. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी घाटावरची. पोरांत रोज असून मला त्यांची भाषा आली नाही. मॅडम तर पुण्याच्या, त्यांना कुठून कळणार?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी हातातल्या चहाकडे बघत राहिले. त्या बाईंना रडू दिलं. फार वेळ नाही, पण दिलं. गप्प बसणं इतकं सोपं होतं, की मग मला माझीच भीती वाटली.

"मी पुण्याची नाही," मी शेवटी म्हणाले. "मी इथलीच, आगरी. माझी आई घरी हेच बोलते. अर्थ सांगणारी ती बाई म्हणजे माझी आई."

 मग एक सेविका भाबडेपणानं म्हणाली, "अगं बाई, वाटत नाही हो अजिबात!" तिला कौतुकच करायचं होतं. आणि खोटं कशाला बोलू, इतकं सगळं होऊनही क्षणभर मला ते ऐकून बरं वाटलं. त्या बऱ्या वाटण्याची लाज माझ्या अजून पचनी पडलेली नाही.

बाईंनी डोळे पुसले. मला त्या काहीच लागेल असं बोलल्या नाहीत. आता मात्र त्या वर्गातल्या पोरांकडूनच आगरी शिकतात, आणि सोलापुरी हेल काढून बोलतात तेव्हा वर्ग खदाखदा हसतो. त्यांना चालतं.

माझं प्रशिक्षण आता वेगळं असतं. सुरुवातीलाच मी हॉलला विचारते, इथली पोरं भीतीला काय म्हणतात, दुखण्याला काय म्हणतात, आवडत नाही याला काय म्हणतात? लोक लाजतात, हसतात, मग सांगतात. परवा त्याच शाळेत हे करायला गेले होते. मुलगी अजून तिथंच शिकते. त्या घरी आता जात नाही, सुट्टीच्या दिवशी मामाच्या गावाला असते. खटला अलिबागच्या कोर्टात उभा आहे, चालेल तसा चालेल.

मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात दिसली. जरा भरलेली, वेण्यांना लाल रिबिनी. तिनं आपणहून हात हलवला. मला वाटलं, आता तरी हिच्याशी हिच्या भाषेत बोलावं, माझ्याही. जिभेला सवय राहिली नव्हती, तरी धीर करून मी विचारलं, "कशी हाय गो बाय? शाला आवरते कं तुना?"

तिनं माझ्याकडे नवल वाटून पाहिलं. मग इकडेतिकडे बघून, कुणी ऐकत नाही याची खात्री करून, लहान मुलाला समजवावं तसं हळूच मला म्हणाली, "आवडते म्हणायचं, मॅडम. आवरते म्हटलं तर कुणाला कळत नाही."